लाल पाटीचे सात

१० सप्टेंबर १९७९, सोमवार

त्रेचाळीस! हॉस्टेलच्या गच्चीवर ट्रम्पेटचा एकच लांब सूर धरला आणि मनात मोजत गेलो. पोट पाठीला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण सूर हलला नाही. खालच्या मजल्यावरचा सुतार ओरडला, गाय व्यायला आलीय का रे वर? म्हटलं, व्याली. जुळं झालं.

बँडमास्तर स्क्रिव्हानेकांनी सांगितलंय, न थरथरता चाळीसपर्यंत धरलास तर जानेवारीत ये, तीन राजांचा सण झाला की. त्यांचा म्हातारा ट्रम्पेटवाला तेव्हा खुर्ची सोडतोय. ट्रामवाल्यांचा बँड! निळा डगला, पितळी बटणं. बाबांना कळवलं नाही. त्या खुर्चीवर बसेन तेव्हाच कळवीन. बाबा म्हणतात, तू कुठेच एक हिवाळा टिकला नाहीस. वीटभट्टीवर नाही, जंगलात नाही, रेल्वेत नाही. खरंच आहे ते. म्हणूनच कळवायचं नाही.

उद्यापासून नवी नोकरी. जनावरं सांभाळायची म्हणतात. जनावरं मला येतात.

११ सप्टेंबर

जनावरं म्हणजे गिनीपिग! मेंढरं नाहीत, डुकरं नाहीत. पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे, बिनशेपटीचे. दीडशे तरी असतील. दार उघडलं की सगळे एकदम शिट्या मारतात, गवत आलं म्हणून. आईला सांगितलं तर हसेल. नांगराला जुंपतोस का म्हणेल.

संस्थेचं तळघर आहे. खिडक्या छताला टेकलेल्या, रंगाने चिकटून बंद. मुताचा वास असा की दुपारी बटाट्याच्या सूपातही तोच.

माझ्या वर आलोइस काका. सव्वीस वर्षं इथेच. कुठला तू, विचारलं. सांगितलं, पार पूर्वेच्या टोकाचा. म्हणाले, म्हणजे रशियाच्या अंगणातला, मेंढक्याच की! तेव्हापासून मी मेंढक्या. निळा कोट दिला, खिशावर ४ आकडा. कपाटही चार नंबरचं. दारावर माझ्या नावाची चिठ्ठी डकवली. हाताला जाड लागली म्हणून कोपरा नखाने उचलला. खाली दुसरं नाव, त्याच्या खाली तिसरं. पाच निघाली.

हे कुठे गेले, विचारलं.

"टिकले नाहीत," काका म्हणाले. "शहरी पोरं. नाकं नाजूक."

तोंडाला बांधायला जाळीचं फडकं देतात. काका स्वतः बांधत नाहीत. ही वहीही त्यांनीच दिली. रकाने चुकून छापलेत म्हणून रद्दीत पडली होती. तापमानाच्या रकान्यात माझं आयुष्य लिहितोय.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

डॉक्टर होलुबोवाबाई आल्या. चाळिशीच्या, बारीक, बोटं शाईने भरलेली. माझ्याशी माणसासारखं बोलल्या. आठवी दोनदा केलेल्या माणसाशी डॉक्टर लोक असं बोलत नाहीत.

अठ्ठेचाळीस गिनीपिगांना सुई टोचायची होती. मी धरत होतो, त्या टोचत होत्या. सुईत काय आहे विचारलं. अंड्याचा पांढरा बलक! मी हसलो तर त्याही हसल्या. म्हणाल्या, हा त्यांना शत्रू म्हणून ओळखायला शिकवायचा. मग पुढे त्याचंच धुकं हुंगायला द्यायचं. किती दिलं की श्वासनळ्यांचं काय होतं, ते बघायचंय. दम्याची माणसं अशीच आजारी पडतात, फक्त त्यांना कोण किती देतं ते कळत नाही.

"आणि सुई टोचलीच नाही तर?"

"तर धुक्याचं त्यांना काहीच नाही. आंघोळ समज."

सोळा हिरव्या पाटीचे, सोळा पिवळ्या, सोळा लाल. हिरव्यांना नुसत्या मिठाच्या पाण्याचं धुकं. पिवळ्यांना रोज दोन मिनिटं, अगदी पातळ. लालांना दर शुक्रवारी वीस मिनिटं, दाट. कोण कोणता ते कळावं म्हणून अंगावर जांभळ्या रंगाची खूण. कोणाच्या कानावर, कोणाच्या पायावर. रंग आठवड्यात उडतो, शनिवारी पुन्हा लावायचा. ते काम माझं.

२८ सप्टेंबर, शुक्रवार

पहिलं दाट धुकं. काचेची पेटी, एका वेळी चार. आत पांढरं होत जातं, मग नुसते लाल डोळे दिसतात. पाच मिनिटं मजेत होते. मग एकाने मान वर ताणली. मग सगळ्यांनीच. पुढचे पाय काचेवर, तोंड उघडं, बरगड्या भात्यासारख्या. शिट्या थांबल्या. दीडशे जनावरांच्या खोलीत अशी शांतता मी ऐकली नव्हती. शेजारच्या पिंजऱ्यांतलेही गप्प.

बाई घड्याळाकडे बघत होत्या, त्यांच्याकडे नाही. वीस मिनिटं झाल्यावर पेटीवर हात ठेवून म्हणाल्या, झालं रे, झालं.

संध्याकाळी सूर एक्केचाळीस.

२९ सप्टेंबर, शनिवार

सकाळी लालमधला एक आडवा. डाव्या कानावर खूण असलेला. थंडगार, दात बाहेर. मेलेल्यांची वही काढली तर काकांनी ती माझ्या हातातून घेऊन बंद केली.

ओरडले नाहीत. बाकावर बसवून समजावलं. लिहिलंस की जिल्ह्याचा गुरांचा डॉक्टर येतो. साथ आहे का बघायला खोलीला टाळं लावतो. बाईंचं सगळं पहिल्यापासून. मागे एकदा झालंय, त्या जिन्यात बसून रडत होत्या. आणि फक्त त्याच नाही, आपणही तीन आठवडे फॉर्म भरत बसतो.

मग मला बॉयलरमागच्या खोलीत नेलं. तिथे राखीव गिनीपिग असतात. काट्यावर घालून त्याच वजनाचा एक निवडला. जांभळ्या रंगाची कुंचली माझ्या हातात दिली.

"डावा कान," म्हणाले. "पांढऱ्याच्या जागी पांढरा. कुणाचं काही बिघडत नाही."

मेलेला बॉयलरमध्ये गेला. सोमवारी बाई येतील तेव्हा सोळाच्या सोळा. मला तर बरंच वाटलं. कुणाचं तरी रडणं वाचवलं.

६ ऑक्टोबर, शनिवार

आज दोन. मानेवर ठिपका आणि कंबरेवर पट्टा. काकांची पाळी नव्हती, एकट्यानेच केलं सगळं. वजन, रंग, बॉयलर. पट्टा जरा रुंद आला, कापसाने पुसून बारीक केला. हात बसला आता.

१५ ऑक्टोबर

शिंका. कालपासून चौदा-पंधरा तरी. पिंजरे झाडायला वाकलं की डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. हातावर गिनीपिगांचे ओरखडे उठलेत, डास चावल्यासारखे फुगलेले. काका म्हणाले, सगळ्यांना होतं सुरुवातीला. मलाही झालेलं. मग शरीर सरावतं.

पिवळ्यांचं मात्र छान चाललंय. खातात, भांडतात, शिट्या मारतात. एक मेला नाही. रोज सकाळी माझ्या हातून दोन मिनिटं धुकं घेतात आणि अंग झटकून गवतावर.

अडतीस.

२० ऑक्टोबर, शनिवार

उजवा मागचा पाय. रंगवला.

आईचं पार्सल. खसखशीचा रोल, लोकरीचे मोजे, बाबांचा कागद. कागदावर चारच ओळी. गाय आटली, सफरचंदं झाली, चर्चचा घंटावाला गेला. शेवटी, अजून तिथेच आहेस का? लिहिलं, तिथेच आहे.

२७ ऑक्टोबर

पाठीवर दोन ठिपके. चौतीस.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

मृतांचा दिवस. स्मशानात सगळं शहर लोटलेलं, थडग्याथडग्यावर मेणबत्त्या, शेवंतीची फुलं. माझं इथे कोणी पुरलेलं नाही. तरी गेलो, कारण बँड वाजणार होता.

हळू वाजवत होते. म्हातारा ट्रम्पेटवाला प्रत्येक ओळीनंतर खोकत होता आणि तरी मला त्याचा हेवा वाटला. मेणबत्त्यांचा धूर छातीत गेला आणि आतून शीळ वाजली. पहिल्यांदा वाटलं मागे कोणी पोर वाजवतंय. श्वास सोडला की शीळ. दोन शिळा, एक जाड, एक बारीक.

स्क्रिव्हानेकांनी मला बघितलं. दोन बोटं ओठांना लावून खूण केली, फुंकतोयस ना? मान हलवली.

८ नोव्हेंबर, गुरुवार

आज जे कळलं ते नीट लिहायला हवं.

बाईंनी मोजमाप केलं. गिनीपिगाला नळकांड्यात बसवतात, डोकं तेवढं बाहेर, आणि त्याचा श्वास पेनने कागदावर उमटतो. मी एकेक आणून देत होतो. हिरव्यांची रेघ टेकड्यांसारखी. मग पिवळे आले. मला वाटलं, हे तर ठणठणीत. श्वासनळ्या आवळणाऱ्या औषधाचा जरासा फवारा दिला आणि पेन असं झपाटलं की कागद फाटला.

बाईंनी मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. मागच्या आठवड्यात कापलेल्या एका पिवळ्याची नळी, चकतीसारखी चिरलेली. मध्ये जिथे भोक हवं तिथे सुईच्या नेढ्याएवढी फट. भिंत आतून जाड, चिकट.

"हे खात होते की," मी म्हटलं. "भांडत होते."

"म्हणूनच तर," बाई म्हणाल्या. "थोडं थोडं, रोज. बाहेरून काही दिसत नाही. आत भिंत चढत जाते."

आणि लाल? लालांत दोन तऱ्हा आहेत, म्हणाल्या. बरेच वाईट. पण पाच अगदी शांत. हिरव्यांसारखी रेघ. बाईंचे डोळे चमकत होते. त्यांच्या मते दाट धुकं पुन्हा पुन्हा खाऊन त्या पाचांच्या शरीराने हार मानली, शत्रूशी समेट केला. हे खरं ठरलं तर माणसांनाही असं सरावता येईल. फेब्रुवारीत प्रागला डॉक्टरांपुढे यावर निबंध वाचणार आहेत.

जेवणाच्या सुट्टीत सूप गार झालं. एकच विचार. मी रोज फडकं बांधतो. फडक्यातून थोडं आत येतंच. थोडं थोडं, रोज.

मी पिवळा आहे.

१० नोव्हेंबर, शनिवार

दोन. कपाळ आणि डावा खांदा. कपाळवाला अजून गरम होता.

रंगवताना दोनदा थांबावं लागलं. शिंकांमुळे.

१२ नोव्हेंबर, सोमवार

काकांना विचारलं, सव्वीस वर्षांत कधीच नाही बांधलं फडकं? म्हणाले, पहिल्या वर्षी बांधलं, मग फेकून दिलं. हे शरीर बघ, दगड आहे.

म्हणजे काका लाल. पहिल्या दिवसापासून दाट, आणि सरावले. कपाटावरची ती पाच नावं पिवळी असणार. फडकं बांधून बांधून गेली.

आज फडकं काढलं. मुद्दाम मागच्या रांगेपासून सुरुवात केली, जिथला भुसा दहा दिवसांचा असतो. नुसता झाडला नाही, घमेल्यात वाकून दोन्ही हातांनी ढवळला. धूळ उठली ती सगळी ओढली. मनात वीस मिनिटं मोजली, काट्याला काटा. डोळे सुजले, घसा आवळला, एकदा तर भिंतीला टेकून उभा राहिलो. पण लालही असेच करतात आधी. मान ताणतात, तोंड उघडतात.

काका बघत होते. म्हणाले, शाब्बास मेंढक्या, आता माणूस झालास.

एकतीस.

१९ नोव्हेंबर, सोमवार, गावी

डुक्कर कापायला आलोय, शुक्रवारपासून चार दिवस सुट्टी. बाबा रक्त ढवळत होते, मी आतडी धूत होतो, अंगणात वाफच वाफ. थंडी अशी की शब्द तोंडातच गोठावेत.

काल कोठारामागे गेलो आणि फुंकलं. अडतीस! छाती अशी मोकळी की आपली वाटेना. शीळ नाही, शिंक नाही. जमतंय! फडकं काढून आठवडाही झाला नाही आणि शरीराने समेट केला.

परत आलो तर बाबा अंगणात उभे. हातात सुरी.

"म्हणजे वाजवायचं सोडलं नाहीस," म्हणाले.

"नाही."

"आणि नोकरी?"

"तीच."

सुरी पुसली आणि आत गेले. पण जेवताना कानशिलाजवळचा मांसाचा तुकडा माझ्या ताटात टाकला. तो तुकडा बाबा कुणाला देत नाहीत.

आई म्हणाली, बारीक झालास, आणि झोपेत तुझ्या छातीत मांजर बसल्यासारखं वाजतं. पहिल्या रात्री वाजत होतं, काल नाही. म्हटलं, गाडीतला धूर.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

परत येऊन दोन दिवस. सव्वीस.

सुट्टी घ्यायला नको होती. खंड पडला म्हणून शरीर विसरलं. लालांना बाई एक शुक्रवार तरी चुकवतात का? आता खंड नाही.

३ डिसेंबर

लालांत दहा नोव्हेंबरनंतर एकही मेला नाही. बघ! जे जायचे ते गेले, राहिले ते सरावले.

जिन्याला एकोणतीस पायऱ्या. पंधरावीवर थांबतो. बुटाची नाडी बांधायचं सोंग करतो. कालपासून दोन्ही बुटांच्या नाड्या.

एकवीस. रोजची वीस मिनिटं आता तीस केली.

११ डिसेंबर, मंगळवार

बाई वजनाचे आकडे तपासायला आल्या. मी लालांच्या रांगेत पिंजरा धरून उभा. त्या एकदम थांबल्या, बोट वर केलं, कान दिला.

"हा कोण घरघरतोय? कोणत्या पिंजऱ्यातला?"

मी श्वास धरला. आवाज थांबला. किती धरणार? सोडला तसा पुन्हा आला.

"लाल, बाई," मी म्हटलं. "तिसरा पिंजरा."

त्यांनी वहीत लिहून घेतलं. लाल, तिसरा पिंजरा, दुरूनही ऐकू येणारी घरघर. तारीख घातली. मग तिसऱ्या पिंजऱ्यासमोर बसून बराच वेळ ऐकत राहिल्या. मी बादली उचलून बाहेर गेलो आणि अंगणात कोळशाच्या ढिगावर बसलो. खरं सांगायला काय झालं असतं? त्या वर पाठवतील. वरचा डॉक्टर नळीत फुंकायला लावेल. मग कोट काढून ठेवायचा. सहावी चिठ्ठी.

मग बाबा म्हणणार, कळलंच होतं.

१७ डिसेंबर, सोमवार

बाई खुशीत. पूर्ण मोजमाप झालं. लालांतले सात शांत! पाचाचे सात झाले. ते वेगळ्या पिंजऱ्यात ठेवायचे, सणानंतर त्यांच्यावर आणखी काम आहे. खुणांची चिठ्ठी त्यांच्या अक्षरात मला दिली. मी शोधून सातही नव्या पिंजऱ्यात घातले. गुबगुबीत, चपळ. बोट आत घातलं तर चाटतात. चिठ्ठी हरवू नये म्हणून या वहीत ठेवली.

बाईंनी मला एक संत्रं दिलं. तुझ्यामुळे, म्हणाल्या. एकही जनावर दगावलं नाही, असा जनावरवाला मला मिळाला नव्हता. त्यांना रडवायचं नव्हतं म्हणून तर केलं. मग संत्रं का गोड लागलं नाही कुणास ठाऊक.

स्क्रिव्हानेकांचा निरोप आला. सात जानेवारी, चार वाजता, डेपोच्या हॉलमध्ये.

चौदा.

२१ डिसेंबर, शुक्रवार

नऊ. ओठ निळे दिसतात आरशात. थंडी.

लालांचं वर्षातलं शेवटचं धुकं. उरलेल्या नऊ जणांनी मान ताणली. वेगळे ठेवलेले सात पेटीत खेळत होते.

२४ डिसेंबर, सोमवार

इस्पितळ. दुसरा मजला, खिडकीजवळ.

शनिवारी सकाळी भुसा ढवळताना पडलो. धूळ आत गेली ती बाहेर येईना. श्वास घेता येत होता, सोडता येत नव्हता. हे कुणाला समजावता येणार नाही. छाती भरलेली आणि तरी गुदमरत होतो. मान वर ताणली. तोंड उघडं. हात भिंतीवर. तेव्हा आठवलं की मी हे कुठे बघितलंय. आणि खोलीतल्या शिट्या थांबल्या, सगळ्यांच्या एकदम. काकांनी फरफटत अंगणात बर्फावर आणून टाकलं म्हणतात. त्यापुढचं आठवत नाही.

इथला डॉक्टर तरुण आहे, डोळ्याला डोळा देत नाही. म्हणाला, पुन्हा त्या खोलीत पाय ठेवलास तर इथवर पोचणार नाहीस. ट्रम्पेटचं विचारलं. कसलं ट्रम्पेट, म्हणाला. मग नीट बघितलं माझ्याकडे आणि म्हणाला, बघू, वर्षभराने.

दुपारी काका आले. हातात मधाच्या पोळ्या, माशाचा तुकडा कागदात, आणि ही वही. आल्या आल्या खुर्चीवर बसले, टोपी गुडघ्यावर, तोंड उघडं, खिडकीबाहेर बघत. दोनच मजले चढून आले होते. सवयीने मोजलं. एकवीसला पहिला शब्द आला.

"तूही नाजूक निघालास, मेंढक्या."

हसले नाहीत. माझं कपाट रिकामं केलं म्हणाले. दोन तारखेला नवा माणूस येतोय, गवताच्या गाडीवर होता आधी, धडधाकट आहे. चार नंबरचा कोट त्याला जरा आखूड होईल. जाताना दारात थांबून खांबाला टेकले. मला वाटलं, काही सांगणार आहेत. बुटाची नाडी बांधायला वाकले.

२६ डिसेंबर, बुधवार

करायला काही नाही, म्हणून वही पहिल्यापासून वाचली. बाईंची चिठ्ठी मध्येच होती. शेजारी ठेवून एकेक जुळवलं.

डावा कान, २९ सप्टेंबर. मानेवर ठिपका आणि कंबरेवर पट्टा, ६ ऑक्टोबर. उजवा मागचा पाय, पाठीवर दोन ठिपके, कपाळ, डावा खांदा.

सातच्या सात मी रंगवलेले. बॉयलरमागचे. त्यांना सुई टोचलीच नव्हती.

सरावलं कोणीच नव्हतं.

दोन तारखेला नवा माणूस येतोय. नर्सला सांगितलंय, बाईंना बोलवा, आजच. ती म्हणते आधी श्वास घे, मग बोल.